स्टेटस नव्याने मांडायचंय, पण जुनं 'फेज' कोण कोण वाचतंय?

रात्रपाळी (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:५२

आधीच सांगतो, धागा लांबलाय आणि विषय क्युबरनेटिसचा (अनेक मशीनवर सॉफ्टवेअर चालवणारी, सांभाळणारी प्रणाली) आहे. गम्य नसेल तर सरळ पुढच्या धाग्यावर जा, राग नाही.

कंपनीतल्या बाकीच्या टीमना डेटाबेस उभे करून देणं हे आमच्या टीमचं काम. त्यासाठी आम्ही स्वतःचा ऑपरेटर लिहिला. तुम्ही एक यामल फाइल (साध्या मजकुरात लिहिलेली मागणी) टाकायची, 'मला एवढ्या आकाराचा डेटाबेस हवा' म्हणायचं, पुढचं आमचा कंट्रोलर (मागणीप्रमाणे घडवून आणणारा प्रोग्राम) बघतो. तीन वर्षांपूर्वी घाईगर्दीत स्टेटसमध्ये, म्हणजे डेटाबेसची सध्याची स्थिती सांगणाऱ्या भागात, एकच फील्ड ठेवलं, 'फेज'. त्यात तीनच शब्द येणार: क्रिएटिंग, रनिंग, फेल्ड. सगळे खूश.

गेल्या महिन्यात मी चौथा शब्द घातला, 'अपग्रेडिंग'. किरकोळ आवृत्ती बदलताना आम्ही एकेक प्रत खाली घेऊन वर आणतो, जोडण्या चालूच राहतात. रात्री दोनला फोन. दुसऱ्या एका टीमच्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं की फेज 'रनिंग' नसेल तर डेटाबेस गेला असं समजायचं आणि अ‍ॅप्लिकेशन राखीव डेटाबेसकडे वळवायचं. राखीव डेटाबेस सहा तास मागे होता. पुढची रात्र कशी गेली ते सांगत नाही.

मी चिडून म्हणालो, "फेल्ड आहे का ते बघायचं ना! रनिंग नाही का हे कशाला बघता?" तिकडचा पोरगा शांतपणे म्हणाला, "तुम्ही तीन शब्द सांगितले होते. चौथा कधी सांगितलात?" यावर मला काही बोलता आलं नाही.

लाज वाटायचं दुसरं कारण म्हणजे हे सगळं क्युबरनेटिसच्या एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) संकेतांमध्ये आधीपासून लिहिलेलं आहे. फेज वापरायची पद्धत मोडीत काढली आहे, नव्या एपीआय प्रकारांत कंडिशन्स (एकेका प्रश्नाचं वेगळं उत्तर) वापराव्यात, कारण ठरावीक शब्दांच्या यादीत नवा शब्द घातला की जुने वाचणारे तुटतात. मी ते वाचलेलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं.

तर आता नवी मांडणी. तीन कंडिशन्स: 'अव्हेलेबल' (जोडणी मिळते का), 'अप-टू-डेट' (मागितलेली आवृत्ती चालू आहे का), 'बॅकअप-करंट' (शेवटचा बॅकअप मुदतीतला आहे का). प्रत्येकीला ट्रू, फॉल्स किंवा अननोन, शिवाय यंत्रासाठी रीझन आणि माणसासाठी मेसेज. अपग्रेड चालू असेल तर अव्हेलेबल ट्रू, अप-टू-डेट फॉल्स, रीझन 'रोलिंग-आउट'. त्या पोराच्या स्क्रिप्टला 'अव्हेलेबल' एवढंच पुरतं.

हे लिहून झालंय. अडलंय ते जुन्या फेजपाशी. काढून टाकू? गोठवू? की दोन्ही भरत राहू, आणि राहायचं तर किती दिवस?

---

गावठी_जेसन | सोमवार, सकाळी ८:१०

काढून टाका. ज्याचं तुटेल तो ओरडत येईल, म्हणजे वाचणारे कोण तेही कळेल. एका दगडात दोन पक्षी.

---

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८:३१

@गावठी_जेसन, मागच्या वेळी असाच एक पक्षी रात्री दोनला ओरडत आला होता. :-(

---

सांजवात | सोमवार, सकाळी ९:४५

गावठी_जेसन यांचा मार्ग अल्फा (अगदी कच्च्या) आवृत्तीत चालतो. तिथे कुठल्याही प्रकाशनात, न सांगता काही काढलं तरी क्युबरनेटिसच्या धोरणात बसतं. बीटा (चाचणीतली) असेल तर डेप्रिकेट केल्याचं (म्हणजे 'हे आता वापरू नका, पुढे काढणार' असं) जाहीर केल्यापासून नऊ महिने किंवा तीन प्रकाशनं, जे जास्त असेल तेवढं थांबायचं. स्थिर आवृत्तीत तर एकच नियम, फील्ड काढायचं तर एपीआयची आवृत्ती बदला. म्हणून नोडच्या (क्युबरनेटिस ज्यांवर चालतं त्यातल्या एकेका मशीनच्या) स्टेटसमध्ये 'फेज' नावाचं फील्ड आजही आहे. कागदपत्रात लिहिलंय की ते कधीच भरलं जात नाही आणि डेप्रिकेटेड आहे. घरात कोपऱ्यात बंद पडलेलं शिवणयंत्र असतं ना, तसं. कुणी वापरत नाही, कुणी हलवतही नाही.

तुमचा एपीआय कुठल्या आवृत्तीवर आहे?

---

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ९:५८

@सांजवात, नावाला व्ही१-बीटा१. प्रत्यक्षात चाळीसेक टीम प्रॉडक्शनला वापरतात, म्हणजे कागदावर बीटा आणि वागणुकीत स्थिर.

---

माजी_क्यूए | सोमवार, सकाळी १०:२०

फेज हा शब्दच फसवा. पॉडचं बघा. (पॉड म्हणजे एक किंवा जास्त कंटेनरांचं गाठोडं, आणि कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअरचा चालता डबा.) कंटेनर सुरू होतो, पडतो, दहा सेकंदांनी पुन्हा, मग वीस, मग चाळीस, असं करत पाच मिनिटांच्या अंतरापर्यंत जातो. क्यूबसीटीएलच्या (क्युबरनेटिसला आज्ञा द्यायचं साधन) स्टेटस रकान्यात 'क्रॅश-लूप-बॅक-ऑफ' दिसतं आणि लोकांना वाटतं हीच पॉडची फेज. एपीआयमधून फेज काढून बघा, तिथे 'रनिंग' लिहिलेलं असतं! व्याख्येप्रमाणे ते चूकही नाही, कारण कंटेनर 'पुन्हा सुरू होण्याच्या प्रक्रियेत' असला तरी रनिंगच म्हणायचं असं ठरलंय. 'टर्मिनेटिंग' हीसुद्धा फेज नाही, तो रकान्यापुरता तयार केलेला शब्द. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मी एका ठिकाणी चाचण्या लिहायचो तेव्हा डिप्लॉय झालं की फेज रनिंग होईपर्यंत थांबायचो. चाचणी हिरवी, अ‍ॅप्लिकेशन झोपलेलं. 'रेडी' कंडिशनवर थांबायला लागलो तेव्हा निम्म्या चाचण्या लाल झाल्या आणि मॅनेजर मलाच म्हणाला, "तू काहीतरी बिघडवलंस."

---

डब्ल्यूएल_२३ | सोमवार, दुपारी १:०५

कोडातलं फार कळत नाही, पण रेल्वेच्या पीएनआरवर हे सगळं वर्षानुवर्षं चाललंय. दोन रकाने असतात. बुकिंग स्टेटस डब्ल्यूएल २३, करंट स्टेटस आरएसी ४. पहिला तिकीट काढल्या क्षणाचा, तो कधी बदलत नाही. दुसरा रोज हलतो. आणि खाली लिहिलेलं असतं 'चार्ट नॉट प्रिपेअर्ड'. त्या एका ओळीशिवाय वरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते समजणार नाही.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:४०

@डब्ल्यूएल_२३, तुम्हाला कोडातलं कळत नाही म्हणता, पण नेमका मी विसरलेला मुद्दा सांगितलात. आमच्या स्टेटसमध्ये 'चार्ट'ची ओळच नाही.

उलगडून सांगतो. माणूस यामलमध्ये प्रती १ वरून ३ करतो आणि लगेच स्टेटस बघतो. अव्हेलेबल ट्रू. पण कंट्रोलरने अजून ती नवी मागणी पाहिलेलीच नाही, हे उत्तर जुन्या मागणीचं आहे. त्यासाठी कंडिशनमध्ये 'ऑब्झर्व्ड जनरेशन' असतं. मागणी बदलली की जनरेशनचा आकडा एकाने वाढतो, आणि कंट्रोलर सांगतो की मी अमुक क्रमांकाच्या मागणीपर्यंत पाहिलंय. दोन आकडे जुळत नसतील तर स्टेटस शिळं. आज रात्री घालतो.

---

सांजवात | सोमवार, रात्री १०:१५

मूळ प्रश्नाकडे येते. असा बदल मोठ्या प्रमाणावर कुणी केलाय हे बघायचं तर क्लस्टर एपीआयचं उदाहरण घ्या. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्युबरनेटिसचे क्लस्टरच, म्हणजे मशीनचे समूहच, क्युबरनेटिसच्या पद्धतीने तयार करायचा प्रकल्प.)

त्यांच्याकडे दोन दुखणी होती. एक, 'फेल्युअर रीझन' आणि 'फेल्युअर मेसेज' ही फील्डं. अर्थ असा की आता यातून सुटका नाही. एकदा ती भरली की कंट्रोलर त्या वस्तूकडे पाठ फिरवायचा. पण क्लाउडचा तात्पुरता हिसकासुद्धा कधी कधी तिथे जाऊन बसायचा, आणि मग बरं झालेलं मशीनही कायमचं मेलेलं दिसायचं. दोन, त्यांच्या कंडिशन्स स्वतःच्या घाटाच्या होत्या, त्यात 'सिव्हेरिटी' नावाचं जादा फील्ड. क्युबरनेटिसचा सामायिक कंडिशन प्रकार १.१९ मध्ये, म्हणजे २०२० मध्ये आला. तो सिव्हेरिटी ओळखत नाही आणि रीझन रिकामं ठेवू देत नाही.

आता त्यांनी केलं काय, ते बघण्यासारखं आहे. डिसेंबर २०२४ च्या त्यांच्या १.९ आवृत्तीत जुनं काहीच हलवलं नाही. नव्या कंडिशन्स शेजारी, स्टेटसच्या आत 'व्ही१-बीटा२' नावाचा वेगळा कप्पा करून ठेवल्या. ऑगस्ट २०२५ च्या १.११ मध्ये एपीआयची नवी आवृत्ती आणली आणि अदलाबदल केली. नव्या कंडिशन्स मुख्य जागी, जुन्या 'डेप्रिकेटेड' नावाच्या कप्प्याखाली. जुनं वाचायचं असेल तर वाचा, पण दर वेळी 'डेप्रिकेटेड' हा शब्द हाताने टंकावा लागतो. कागदपत्रातली सूचना कुणी वाचत नाही, पण स्वतः टंकलेला शब्द डोळ्यांत खुपतोच.

---

गावठी_जेसन | सोमवार, रात्री १०:४०

कप्पा आवडला. पण एवढा खटाटोप कशाला? वापरकर्त्याला वॉर्निंग दाखवा की. क्यूबसीटीएल दाखवतो ना पिवळ्या अक्षरांत.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:२०

@गावठी_जेसन, इथेच तर गोम आहे, आणि हा धागा काढायचं खरं कारणही हेच.

मागणीतलं फील्ड डेप्रिकेट करणं सोपं. माणूस ते लिहून पाठवतो, सर्व्हरला दिसतं, सर्व्हर उत्तरात इशारा जोडतो (ही सोयही १.१९ पासूनची). कुणी पाठवलं तेही कळतं. स्टेटस मात्र आपण लिहितो आणि लोक वाचतात. वाचणारा अख्खी वस्तू मागवतो, त्यातलं कुठलं फील्ड पाहिलं ते त्याच्या घरी. ऑडिट लॉगमध्ये कोण आला, कधी आला, काय मागितलं, सगळं मिळतं. त्याची नजर कुठल्या ओळीवर होती ते मिळत नाही.

गावातल्या पारावर फळा असावा आणि त्यावर मी रोज एक शब्द लिहावा, तसं हे. कोण येता-जाता बघून जातं आणि त्यावरून घरी काय ठरवतं, मला काय माहीत?

---

माजी_क्यूए | मंगळवार, सकाळी ९:०५

मग ब्राउनआउट करा. आधी कळवून ठरलेल्या दिवशी तासभर फेज रिकामं ठेवायचं. ज्यांचं अडेल ते सापडतील, तासाने परत भरायचं.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:२२

@माजी_क्यूए, एपीआयचा पत्ताच बंद करायचा असेल तर हे उत्तम, कारण समोरच्याला स्वच्छ एरर मिळते. रिकामं फेज म्हणजे एरर नव्हे, ते एक उत्तरच झालं. त्या पोराच्या स्क्रिप्टच्या लेखी रिकामं म्हणजे 'रनिंग नाही'. तासाभरात चाळीस डेटाबेस राखीववर गेले तर मला राखीव बाकावर बसवतील.

---

काळा_टर्मिनल | मंगळवार, सकाळी ११:३०

डेप्रिकेट केलं म्हणून फील्डाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, त्याचा नमुना देतो. 'क्यूबसीटीएल गेट सीएस' आठवतंय का कुणाला? कंपोनंट-स्टेटस. शेड्युलर, कंट्रोलर मॅनेजर, एटसीडी हे क्युबरनेटिसचे आतले भाग ठीक आहेत का ते सांगायचं. हेही १.१९ मध्ये डेप्रिकेट झालं. ते शेड्युलरला १०२५१ आणि कंट्रोलर मॅनेजरला १०२५२ या असुरक्षित पोर्टवर हाक मारायचं. क्यूबअ‍ॅडमने (क्लस्टर उभारायचं साधन) सुरक्षेसाठी ते पोर्ट शून्य करून बंद केले. क्लस्टर ठणठणीत, आणि सीएस म्हणतंय 'अनहेल्दी, कनेक्शन रिफ्यूज्ड'.

मग लोकांनी काय केलं? मॅनिफेस्ट (मांडणीच्या) फाइलमधली 'पोर्ट शून्य' ही ओळच काढली. पोर्ट पुन्हा उघडा, सीएस हिरवं, सगळे समाधानी. तेव्हा असे सल्ले ढिगाने मिळायचे. मीही एका ग्राहकाकडे हेच केलं होतं, कारण त्याच्या तपासणी यादीत लिहिलं होतं 'सीएस हिरवं असावं'. कुणी सोडून दिलेलं स्टेटस हिरवं दिसावं म्हणून आम्ही सुरक्षेचं दार उघडं टाकलं. आगीतून फुफाट्यात.

तेव्हा रात्रपाळी, जुनं ठेवणार असाल तर शेवटच्या दिवसापर्यंत खरं ठेवा. नाहीतर काढा. डेप्रिकेटेड आहे म्हणून चुकीचं असलं तरी चालेल, हे चालत नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:१५

@काळा_टर्मिनल, अगदी पटलं. ठरलं मग.

१. फेज राहणार. त्यात तेच तीन शब्द. चौथा कधीही नाही.

२. फेज वेगळं लिहायचंच नाही. तिन्ही कंडिशन्स ठरल्या की एकच फंक्शन त्यांच्यावरून फेज काढेल. दोन जागी दोन उत्तरं यायची सोयच नको.

३. अपग्रेड चालू असताना अव्हेलेबल ट्रू असेल तर फेज रनिंगच.

---

माजी_क्यूए | मंगळवार, दुपारी ३:५०

तिसऱ्याला हरकत. अपग्रेड चालू असताना 'रनिंग' म्हणणं म्हणजे लपवाछपवी नाही का? आणि कंट्रोलरलाच डेटाबेसपर्यंत पोचता येत नसेल तर अव्हेलेबल अननोन होणार. तुमच्या तीन शब्दांत 'माहीत नाही' कुठे बसतं?

---

रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ६:३०

पहिल्यावर माझं मत पक्कं आहे. तीन वर्षांपूर्वी मी रनिंगचा अर्थ काय धरला होता याला आता किंमत नाही. चाळीस टीमनी त्याचा अर्थ 'जोडणी मिळते' असा धरला आणि त्यावर घरं बांधली. फील्डाचा अर्थ आता त्यांच्या ताब्यात आहे.

दुसऱ्यावर मात्र अडकलो. जुना कोड पोचता आलं नाही तर शेवटचा शब्द तसाच ठेवायचा.

---

सांजवात | मंगळवार, रात्री ९:१०

तसाच ठेवा. नोडचं बघा, क्यूबलेटकडून (नोडवरचा राखणदार प्रोग्राम) खबर यायची थांबली की ४० ते ५० सेकंदांनी (आवृत्तीनुसार) रेडी कंडिशन अननोन होते, फॉल्स नाही. आणि पॉड लगेच हाकलत नाहीत, सवयीने ३०० सेकंद वाट बघतात. 'माहीत नाही' आणि 'मेला' यांत फरक ठेवायचा असतो. तुमच्या फेजला तो फरक बोलताच येत नाही, तर निदान त्याने नवी घाई करू नये. ज्याला फरक हवा त्याला कंडिशनकडे यायला तेवढं एक कारण मिळतं.

अजून दोन खड्डे सांगून ठेवते, मी दोन्हींत पडलेय. मेसेजमध्ये 'शेवटची तपासणी इतक्या वाजता' असली वेळ घालू नका. स्टेटस बदललं की कंट्रोलरला पुन्हा जाग, तो पुन्हा तपासतो, पुन्हा नवी वेळ लिहितो, पुन्हा जाग. आमचा एपीआय सर्व्हर अख्खी दुपार धापा टाकत होता. दुसरा खड्डा, लोकांना कंडिशन टाइपच्या नावाने शोधायला शिकवा. एकाने यादीतली पहिलीच वाचली होती. ती सहा महिने पहिली होती. मग नव्हती.

---

डब्ल्यूएल_२३ | बुधवार, सकाळी ७:४०

वाचतोय. मस्त चाललंय. (काल आरएसी ४ चं कन्फर्म झालं.)

---

रात्रपाळी | साडेचार महिन्यांनी, गुरुवार, रात्री ११:०५

धागा वर काढतोय, कुणीतरी व्यनि करून विचारलं होतं म्हणून.

नव्या कंडिशन्स लागू झाल्या. ऑडिट लॉगमधून या वस्तू वाचणाऱ्यांचे यूजर-एजंट (मागणाऱ्या प्रोग्रामचं नाव) वेगळे काढले आणि एकेकाच्या दारात गेलो. तो पोरगा पहिला बदलला, त्याने तर स्वतःच क्यूबसीटीएल वेट लावून अव्हेलेबलवर थांबायची ओळ लिहिली. दोन डॅशबोर्ड, एक चॅट-बॉट, आणि आमचीच एक विसरलेली चाचणी सापडली. बदललं की यादीत खूण करायची, दुसरी युक्ती नाही.

आता एकच उरलाय. दर पाच मिनिटांनी येतो, सगळे डेटाबेस मागवतो, जातो. यूजर-एजंट 'कर्ल ७.२९.०'. टोकन (ओळखपत्र) एका जुन्या सर्व्हिस अकाउंटचं, म्हणजे प्रोग्रामसाठीच्या खात्याचं, मालक म्हणून कुणाचंच नाव नाही.

---

काळा_टर्मिनल | गुरुवार, रात्री ११:१८

७.२९.० म्हणजे सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स. त्याची मुदत जून २०२४ मध्येच संपली. टेबलाखाली, कपाटामागे, असं कुठेतरी शोधा.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी २:५०

@काळा_टर्मिनल, दंडवत. आयपीवरून नेटवर्कवाल्यांनी जागा काढून दिली. तिसऱ्या मजल्यावर कँटीनच्या वाटेवर भिंतीवर टीव्ही आहे, त्याच्यामागे चिकटपट्टीने एक छोटी पेटी चिकटवलेली. त्या टीव्हीवर हिरव्या ठिपक्यांची रांग दिसते, मी रोज जेवायला जाताना बघतो. ठिपके आमच्याच डेटाबेसचे आहेत हे मला आज कळलं.

पेटीचा पासवर्ड ज्याला माहीत होता तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. टीव्ही काढायचा तर प्रशासन विभागाला अर्ज करावा लागतो. केलाय. तोवर फेज भरतोय.